सरिताच्या परसातलं पेत्से

देवराव गेला त्या उन्हाळ्यापासून सरिता गजभियेनं बोलणंच टाकलं, असं नागपुरात जरीपटक्यामागच्या त्या गल्लीतल्या बायका सांगत. ते पुरतं खरं नव्हतं. प्रसूतिगृहात ती आयाचं काम करी. तिथे बोलावंच लागे, बाळंतिणीच्या पाठीवर हात ठेवून 'जोर लाव वं माय' म्हणावंच लागे. पण घराचा उंबरठा ओलांडला की तिच्या तोंडाला कुलूप लागे. देवराव गांधीबागेत एका ठोक दुकानावर कापडाच्या गाठी उतरवायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी ट्रकमधली गाठ खांद्यावर घेता घेता तो खाली बसला, पाणी मागितलं, आणि कोणी पाणी आणेस्तोवर त्याची शुद्ध हरपली. ऊन लागलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी चादरीत गुंडाळून घरी आला. धम्मानंद, त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा शाळेत होता.

त्याच वर्षी थंडी पडायच्या सुमाराला यांगचेन गल्लीत आली. शहरातल्या एका मैदानावर दरवर्षी तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार भरतो, तिथे तिचं दुकान असायचं. हंगामापुरती खोली हवी म्हणून ती दारोदार फिरत होती आणि दारोदार नाही ऐकत होती. "चिनी बाई आहे, काय काय खात असंल," असं शेजारची मीराबाई तिच्या तोंडावरच म्हणाली. सरितानं दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मागच्या खोलीची किल्ली आणून दिली. लोकांना तो मनाचा मोठेपणा वाटला. खरं म्हणजे नाही म्हणायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलेलं नव्हतं.

यांगचेन तशी याच मुलखातली. हिमालयात कुठेतरी रस्त्याच्या कामावर तिचे आईबाप खडी फोडत. तिथून लहानपणीच तिला गोठणगावच्या तिबेटी वस्तीत आणलं. नवेगावबांधच्या पुढे, जंगलाच्या कडेला. पावसाळ्यात धान लावायचं, हिवाळ्यात स्वेटर विकायचे, असं तिचं आयुष्य चाललेलं. नवरा दारूत गेला होता, मुलगी पेमा बंगलोरला नर्सिंग शिकत होती. यांगचेनची मराठी झाडीपट्टीची, थोडी हिंदीत भिजलेली.

एका रविवारी सरितानं चूल पेटवलीच नाही. धम्मानंदनं चहात बिस्किटं बुडवून खाल्ली आणि तो खेळायला निघून गेला. दुपार कलली तरी ती भिंतीला टेकून तशीच बसलेली. यांगचेननं मागच्या दारातून येऊन तिच्यापुढे एक वाडगा ठेवला. वाफाळतं पाणी, त्यात कणकेच्या हातानं तोडलेल्या पट्ट्या आणि मलूल झालेला पालक.

"काय आहे हे?"

"थुकपा. पाणी आहे, पीठ आहे. खा."

सरितानं खाल्लं. अर्धा वाडगा झाल्यावर यांगचेन म्हणाली, "पालक खरा नाही याच्यात. पालक शिजला का पाणी होते. इथे पेत्से पाहिजे. जाड पांढरा देठ राहते त्याले, पान चमच्यावानी. कितीही शिजव, देठ दाताखाली वाजते."

"मंग आणत काहून नाही?"

"तुह्या नागपुरात कोन विकते?"

घरात त्या वर्षी झालेलं ते पहिलं मोठं बोलणं. धम्मानंद परत आला तेव्हा दोघी भाजीवरून वाद घालत होत्या, आणि तो दारातच उभा राहिला, आत येऊ की नको असा.

जाताना यांगचेननं रुमालाच्या गाठीत बांधलेलं बी दिलं. मोहरीसारखंच, पण किंचित तांबूस. घरामागे न्हाणीपासून कुंपणापर्यंत चिंचोळी पट्टी होती, काळ्या मातीची. तिथे देवराव असताना सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि दोन-चार वांग्याची झाडं असत, नंतर नुसतं तण माजलं होतं. सरितानं तण उपटलं आणि फेब्रुवारीतच बी टाकून मोकळी झाली. ते उगवलं मोठ्या जोमानं. पण चार पानं धरायच्या आत मधूनच त्यानं दांडा वर काढला आणि पिवळी फुलं आली. पान कडू. पुढच्या खेपेला तिनं गणपतीच्या दिवसांत पेरलं, तर बारीक काळ्या किड्यांनी पानांची चाळणी करून टाकली.

यांगचेन आली ती हे ऐकून हसली. "ऊन लागलं का त्याले वाटते आता मरण आलं. म्हणून घाईघाईनं फूल काढते, बी टाकते. त्याचा काय दोष?"

 त्या दिवशी सरितानं देवरावची गोष्ट यांगचेनला पहिल्यांदा सांगितली, पाणी मागितलं इथपासून ते चादरीपर्यंत.

तिसऱ्या वर्षी पेत्से साधलं. दसरा होऊन उन्हाचा कडका मोडला की फुटक्या टबात शेणखत कालवून रोप धरायचं. पाचवं पान दिसलं की वीतभर अंतरावर लावायचं. दुपारच्या उन्हाला वरून जुनं लुगडं ताणायचं, सकाळी दवात पानांवर चुलीची राख भुरभुरायची म्हणजे किडा बसत नाही. न्हाणीचं साबणाचं पाणी मात्र द्यायचं नाही. यांगचेनच्या गाठोड्यांचा टेम्पो गल्लीत यायचा तेव्हा पट्टीत पांढऱ्या बुडाचे हिरवे गड्डे ओळीनं बसलेले असत. ती आधी परसात जायची, मग खोलीत. वाकून एक देठ कडकन मोडायची आणि तसाच कच्चा चावायची.

असे कितीतरी हिवाळे गेले. संध्याकाळी बाजार आवरून यांगचेन यायची, सरिता दवाखान्यातून यायची, आणि एकीनं कणीक मळायची, दुसरीनं पेत्से चिरायचं. गुरुवारी दोघी मिळून विहारात जायच्या. सरिता वंदना म्हणायची, यांगचेन शेजारी बसून मण्यांची माळ ओढत ओठातल्या ओठात आपलं काही म्हणायची. दोघींचा बुद्ध एकच, पण एकीच्या प्रार्थनेतलं अक्षरही दुसरीला कळत नसे. यांगचेन परत निघाली की सरिता तिच्या पिशवीत भिवापुरी मिरची घालायची, कारण यांगचेनला गोठणगावात मिळणारी मिरची फिकी वाटायची. मग फाल्गुन ते आश्विन सरिता पुन्हा गप्प. धम्मानंद मोठा झाला, कुरिअर कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. सून नूपुर बोलकी होती, सासूच्या गप्पपणाला ती आधी घाबरली, मग सरावली. "आमच्या आई हिवाळी आहेत," असं ती माहेरी सांगायची.

मग ते करोनाचे दोन हिवाळे आले, बाजार भरलाच नाही. फोनवर बोलणं व्हायचं. तिसऱ्या हिवाळ्यात यांगचेन आली, पण टेम्पोतून उतरली ती सरळ मीराबाईच्या घरात शिरली. मीराबाईनं हात धरून तिला इकडे आणलं. सगळे हसले, यांगचेनही हसली. सरिता हसली नाही. बाळंतिणी बघण्यात तिचा जन्म गेला होता, माणसाची नजर भरकटलेली तिला कळायची.

त्या खेपेला यांगचेन परसात गेलीच नाही. सरितानं नेलं तेव्हा गड्ड्यांकडे बघून म्हणाली, "काय लावलं वं हे?" आणि लगेच, "हो हो, पेत्से. माहीत आहे ना मले." थुकप्यात मीठ दोनदा पडायला लागलं. कधी पडायचंच नाही. बाजारात शेजारच्या दुकानवाल्या पोरी तिचं गिऱ्हाईक सांभाळून घ्यायच्या. सरिता घरी सांभाळून घ्यायची. गॅस बंद केला की नाही बघायची, चप्पल जागेवर ठेवायची, वारंवार विचारलेल्या प्रश्नाला दरवेळी नव्यानं उत्तर द्यायची.

पौषातल्या एका संध्याकाळी यांगचेन परत आली नाही. अंधार पडला तशी सरिता शाल गुंडाळून निघाली. बाजारातल्या पोरींनी सांगितलं की त्या तर मघाशीच गेल्या. धम्मानंदनं गाडी काढली. बरंच हिंडल्यावर ती रिंग रोडच्या कडेला सापडली, जिथे रात्रीचे ट्रक थांबतात तिथे. एका दगडावर बसलेली, पायात चपला नाहीत, मांडीवर एकच स्वेटर घडी करून ठेवलेला.

"इथे काहून बसली वं?" सरिता तिच्यापुढे उकिडवी बसली.

"आई खडी घेऊन येऊन राहिली," यांगचेन शांतपणे म्हणाली. "ट्रक थांबला का जाऊ आम्ही."

बाजूनं एक ट्रक इतक्या जवळून गेला की सरिताच्या शालीचा पदर उडाला.

घरी आणून पाय शेकले, चहा पाजला. सकाळी यांगचेनला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. सरिता दिवसभर कामात चुकत राहिली. पेमाला सांगावं की नाही? सांगितलं तर ती आईला घेऊन जाईल, आणि पुन्हा कधी पाठवणार नाही. हे तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. न सांगावं तर तो ट्रक दिसत होता. दुपारी प्रसूतिगृहाच्या मागच्या जिन्यावर उभी राहून तिनं बंगलोरला फोन लावला.

झालं ते सगळं सांगितलं. "आंटी, मला वाटतच होतं," पेमा म्हणाली. "मी मामाला पाठवते. तुम्ही सांगितलं ते बरं केलं."

मामा येऊन पोचायच्या आदल्या दिवशी पेमानं आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. सरिता पेत्से खुडून आत आली तर यांगचेन खाटेवर ताठ बसलेली. त्या दिवशी तिचे डोळे अगदी स्वच्छ होते, पूर्वीसारखे.

"तू पेमाले फोन केला?"

"हो."

"काय सांगतलं?"

"जे झालं ते."

"आता मले घरात बांधून ठेवतीन. बकरीवानी." यांगचेनचा आवाज चढला नाही. "तुले माहीत होतं."

"अन् ट्रकखाली आली असती तं?"

"आली असती तं आली असती. इथंच आली असती ना. तुह्या गावात."

 सरिताच्या हातातल्या गड्ड्यांची माती फरशीवर पडत होती. "मी चुकीचं नाही केलं," एवढंच ती म्हणाली.

"नाही केलं," यांगचेन म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. गाठोडी टेम्पोत चढली. सरितानं मिरचीची पुडी दिली ती यांगचेननं घेतली नाही, भावानं घेतली. टेम्पो वळणावर गेला तरी तिनं मागे पाहिलं नाही. मीराबाई म्हणाली, "विसरली असंल गा बिचारी." धम्मानंदनं मान हलवली. सरिताला माहीत होतं, त्या दिवशी ती काहीच विसरलेली नव्हती.

वर्षभर फोन पेमाच करायची. आई बरी आहे, जेवते, चिडते, रात्री झोपत नाही. सरिता विचारायची, "माह्यं नाव घेते का?" पेमा क्षणभर थांबून म्हणायची, "घेते ना आंटी." त्या थांबण्यातच सरिताला उत्तर मिळायचं.

दसरा आला. सरिता टबापुढे बराच वेळ बसली आणि मग तिनं बी टाकलंच. रोपं लावली, लुगडं ताणलं, राख भुरभुरली. त्या वर्षी थंडी चांगली पडली आणि पेत्से असं आलं की कधी आलं नव्हतं. गड्डे हाताच्या ओंजळीत मावेनात. नूपुरनं मोबाइलवर फोटो दाखवला. "आई, हे तं बॉक चॉय आहे! मॉलमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते. अन् आपल्या न्हाणीमागे?" तिनं लसूण-मिरचीवर परतून भाजी केली. धम्मानंदनं दोन घास खाल्ले. "पानचट लागते," म्हणाला आणि लोणचं मागितलं. गल्लीत वाटायला नेलं तर बायका घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मीराबाईची बकरी तेच चघळताना दिसायची.

पौषाच्या मध्यात सरितानं सकाळी सहा-सात गड्डे मुळासकट उपटले, ओल्या फडक्यात बांधले आणि साकोलीची एसटी धरली. पुढे दुसरी गाडी, मग वस्तीपर्यंत एका दूधवाल्याच्या गाडीवर. एवढ्या वर्षांत ती यांगचेनच्या घरी पहिल्यांदाच जात होती. रस्त्यात जंगल सुरू झालं. काय बोलायचं हे तिनं मनाशी घोकलं होतं. मी केलं ते तुझ्यासाठी केलं, पण मला माफ कर, असं. नुसतं माफ कर, असं. किंवा काहीच नाही, नुसती भाजी पुढे ठेवायची.

घर कौलारू होतं, अंगणात दोऱ्यावर रंगीत पताका. यांगचेन उन्हात खुर्चीवर बसलेली. केस कापून टाकलेले, त्यामुळे कान मोठे दिसत होते. भावाची बायको आतून लगबगीनं बाहेर आली, हात पुसत. "दीदी, पाहा कोण आलं! नागपूरची सरिता!"

यांगचेननं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, गोड, मोकळं, आणि हिनं ओळखलं, असं सरिताला वाटलं. मग यांगचेन उठून उभी राहिली.

"या, बसा. तुमच्यासाठी पाहिजे का साहेबांसाठी?"

"काय?" सरितानं विचारलं.

"स्वेटर," यांगचेन म्हणाली. "मागं फिरा जरा." आणि तिनं सरिताचे खांदे धरून तिला वळवलं, पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वितीनं मोजलं. तिचे हात तेच होते, खरखरीत, गरम. "तुम्हाले मिडियम बसते. लूज पाहिजे असंल तं लार्ज. उन्नी आहे, रंग जात नाही. बिनधास्त धुवा."

भावाच्या बायकोनं काहीतरी तिबेटीत म्हटलं. यांगचेननं तिला हातानं गप्प केलं. गिऱ्हाईक उभं होतं.

"लार्जच द्या," सरिता म्हणाली.

"कोणता रंग?"

"तुम्हीच सांगा."

यांगचेननं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, चेहऱ्याकडे, केसांकडे. सरिता ते बघणं सोसत उभी राहिली. "मरून," यांगचेन म्हणाली. "तुम्हाले मरून शोभते." मग पताकांच्या दोऱ्याकडे बघून ती गोंधळली, आजूबाजूला माल शोधायला लागली, आणि सापडेना तशी रडवेली झाली. भावाच्या बायकोनं तिला धरून आत नेलं.

दुपारी थुकपा झाला. सरितानंच पेत्से चिरलं, शेवटी टाकलं, एकच उकळी येऊ दिली. यांगचेनला चमच्यानं भरवावं लागत होतं. तिनं रस्सा घेतला. देठाचा तुकडा बराच वेळ तोंडात घोळवला आणि जिभेनं बाहेर ढकलला. तो हनुवटीवर चिकटून राहिला. सरितानं पदरानं पुसला.

"दातच नाही राहिले आता," भावाची बायको समजुतीनं म्हणाली. "पान पान देते मी तिले बारीक करून."

निघताना यांगचेन झोपलेली होती. घोकलेलं सगळं सरितानं तसंच परत नेलं. साकोलीला एसटीची वाट बघताना तिला फार थंडी वाजली.

ती पुन्हा गेली नाही. पेमा सुट्टीवर आली की फोन करायची, "आंटी, या ना एकदा," आणि सरिता म्हणायची, "येते, येते." एकदा तर पिशवी भरून ती बसस्टँडपर्यंत गेली. साकोलीची गाडी लागली, कंडक्टरनं हाकारलं, आणि ती बाकावरच बसून राहिली. दुसरी लागली, तीही गेली. दुपारी घरी येऊन तिनं नूपुरला सांगितलं की डोकं दुखत होतं. तिला यांगचेनच्या आजाराची भीती नव्हती, आजारी माणसाचं करायची तिला सवय होती. पण त्या दुपारी ती शिव्या खायच्या तयारीनं गेली होती, रागाच्या तयारीनं, पाठ फिरवण्याच्या तयारीनं. यांगचेनचा तो राग या जगात फक्त दोघींना माहीत होता, आणि त्यातली एक आता तो विसरून गेली होती. त्याचं ओझं सरिताकडे एकटीकडे राहिलं. ते कुठे उतरवायचं हे तिला कळत नव्हतं.

पुढल्या भाद्रपदात पेमाचा फोन आला. आई गेली, झोपेतच. सगळं उरकलं होतं. पाऊस इतका होता की रस्ते बंद, म्हणून आधी कळवलं नाही, असं ती पुनःपुन्हा सांगत होती. सरिता "हो बाळा, हो," म्हणत राहिली. फोन ठेवून ती ओट्यावर येऊन बसली. समोरून मीराबाई भाजीची पिशवी घेऊन येत होती, हिचा चेहरा पाहून थांबली.

"काय झालं वं? कोन गेलं?"

सरितानं तोंड उघडलं. बहीण म्हणावं तर बहीण नव्हे, जावही नव्हे, जातगोत काही नाही. एवढ्या वर्षांत त्या नात्याला नाव द्यायची कधी गरजच पडली नव्हती.

"मागच्या खोलीत राहत होती ते," ती म्हणाली.

"कोन, स्वेटरवाली? अरे अरे." मीराबाई चुकचुकली. "चांगली होती बिचारी. वय झालं होतं पन." आणि जरा वेळ उभी राहून, पावसाचा अंदाज घेत, ती आपल्या घरी गेली.